निबंध दुसऱ्याचा, नाव आपले : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी निवडलेली चारही पत्रे ब्रिटनमधील विद्यार्थिजीवनाविषयी आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे आणि मजकूर थोडा आटोपशीर केला आहे. मी स्वतः इंग्लंडमध्ये शिकले, पुढे अनेक वर्षे तिथे शिकवले आणि परीक्षेतील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या समितीवरही काम केले; पुढील उत्तरांना त्या अनुभवाचा आधार आहे. नियमांचा तपशील मात्र विद्यापीठागणिक बदलतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या विद्यापीठाची नियमावली शेजारी ठेवूनच ही उत्तरे वाचावीत.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी इंग्लंडमध्ये एक वर्षाच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमाला आहे. आल्यावर पहिले दोन महिने मी एका गोदामात रात्रपाळी केली, कारण घरच्यांनी कर्ज काढून फी भरली आहे आणि राहण्याच्या खर्चासाठी त्यांच्याकडे पुन्हा पैसे मागण्याची मला लाज वाटत होती. डिसेंबरमध्ये एकाच आठवड्यात तीन असाइनमेंट द्यायच्या होत्या. तेव्हा व्हॉट्सॲपवर जाहिरात करणाऱ्या एका माणसाकडून मी एक निबंध १८० पौंडांना लिहून घेतला. त्याला ५८ गुण मिळाले. आता तोच माणूस आणखी ४०० पौंड मागतो आहे, आणि न दिल्यास विद्यापीठाला कळवीन, असे म्हणतो. एकदा घाबरून मी १०० पौंड दिले. पुढची असाइनमेंट तीन आठवड्यांवर आली आहे आणि ती आपल्याला लिहिता येईल असा विश्वास मला उरलेला नाही. घरी यातले काहीही माहीत नाही. मी काय करावे?

उत्तर : हे पत्र लिहून तू निदान एका माणसाला तरी सगळे सांगितलेस, याचे मला बरे वाटले. आता सर्वांत आधी त्या माणसाला पैसे देणे थांबव. तू दिलेल्या १०० पौंडांनी त्याचे तोंड बंद झाले नाही. तू देऊ शकतोस, एवढेच त्याला कळले. आज ४०० दिलेस तरी तुमच्यातील संभाषण त्याच्याजवळ राहणारच आहे, आणि पदवीदानाच्या आदल्या दिवशी तो पुन्हा दारात उभा राहील. निबंध विकून झाल्यावर विद्यार्थ्याला धमकावून पैसे उकळणे, हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे. त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याला उलट धमक्या देऊ नकोस, आणि एकही संदेश पुसून टाकू नकोस. सर्व संभाषणाचे आणि पैसे पाठवल्याच्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढून ठेव.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. २०२२ सालच्या ‘स्किल्स अँड पोस्ट-१६ एज्युकेशन ॲक्ट’ने इंग्लंडमध्ये पैसे घेऊन विद्यार्थ्याची असाइनमेंट लिहून देणे, तशी व्यवस्था करून देणे आणि त्याची जाहिरात करणे हा गुन्हा ठरवला आहे. धमकी देऊन पैसे मागणे हा तर १९६८ सालच्या थेफ्ट ॲक्टनुसार ब्लॅकमेलचा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार पोलिसांकडे करता येते. तो माणूस इंग्लंडबाहेर बसलेला असेल तर कायद्याचा हात त्याच्यापर्यंत सहज पोहोचणार नाही, हेही खरे आहे. २०२२ चा कायदा विकणाऱ्यांसाठी आहे, विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी नाही. तुझा प्रश्न विद्यापीठाच्या नियमांचा आहे, आणि तिथे दुसऱ्याकडून काम करून घेणे हा सर्वांत गंभीर गैरप्रकारांपैकी एक समजला जातो.

म्हणून दुसरी गोष्ट. उद्या सकाळी स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्राची वेळ घे. ब्रिटिश विद्यापीठांमध्ये ही संघटना विद्यार्थ्यांची असते. तिचे सल्लागार विद्यापीठाच्या प्रशासनाचे नोकर नसतात, ते पैसे घेत नाहीत, आणि तू सांगितलेले गोपनीय ठेवतात. असा सल्लागार तुझ्या विद्यापीठाची नियमावली तुझ्यासोबत वाचेल, तू स्वतःहून कबुली द्यायचे ठरवलेस तर पत्राचा मसुदा पाहून देईल, आणि चौकशीच्या बैठकीला तुझ्या शेजारी बसू शकेल. तू विद्यापीठाला स्वतः सांगावेस, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ते पत्र सल्लागाराला भेटल्यानंतर जावे, आधी नव्हे. निबंधाला शून्य गुण, संपूर्ण मॉड्युल, म्हणजे अभ्यासक्रमातला तो विषय, पुन्हा करावे लागणे, आणि टोकाला गेल्यास अभ्यासक्रमातून काढून टाकणे, अशा निरनिराळ्या शिक्षा नियमांत असतात. तुझ्या वाट्याला यातली कोणती येईल, याविषयी मी तुला आश्वासन देणार नाही, कारण ते खोटे ठरू शकते. मी समितीवर असताना जे पाहिले, ते मात्र सांगते. आम्ही सर्वांत आधी हे पाहत असू, की ही बाब उघडकीस कोणी आणली. पकडले गेल्यानंतरही तीन बैठकांमध्ये आरोप नाकारत राहिलेला विद्यार्थी आणि कोणाला संशय नसताना स्वतः येऊन बसलेला विद्यार्थी, यांच्याकडे आम्हांला सारख्या नजरेने पाहता येत नसे.

सल्लागाराकडे आधी जा असे मी म्हणते, त्याचे कारण तुझा व्हिसा आहे. विद्यापीठ हे तुझ्या व्हिसाचे प्रायोजक असल्यामुळे, तुझा अभ्यासक्रम मध्येच संपुष्टात आला तर ते होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा पाहणाऱ्या ब्रिटिश गृहखात्याला, कळवणे त्याला बंधनकारक असते, आणि त्यानंतर व्हिसाची मुदत कमी केली जाऊ शकते. तेव्हा कोणती शिक्षा झाली तर व्हिसावर काय परिणाम होईल, हे विद्यापीठाच्या किंवा युनियनच्या अधिकृत सल्लागाराकडूनच समजून घे. ज्या एजंटाने प्रवेश मिळवून दिला, त्याला विचारू नकोस. तू गोदामातील कामाचा उल्लेख केला आहेस. पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. तू ही मर्यादा ओलांडली असशील, तर तेही त्याच सल्लागाराला पहिल्याच भेटीत सांग. अर्धीच हकीकत ऐकून दिलेला सल्ला तुझ्या उपयोगी पडणार नाही.

आता त्या तीन आठवड्यांवरच्या असाइनमेंटविषयी. मला या पत्रात सर्वांत जास्त काळजी तुझ्या त्या वाक्याची वाटली, की आता आपल्याला लिहिता येईल असे वाटत नाही. विकत घेतलेल्या निबंधाने तुझ्याकडून पैशांपेक्षा मोठी गोष्ट नेली आहे. आपला पहिला निबंध वाईट झाला असता, तर तो कुठे वाईट आहे हे शिक्षकांनी लिहून दिले असते, आणि आज ते पान तुझ्या हातात असते. ते तुझ्याकडे नाही, म्हणून तू डिसेंबरमध्ये होतास तिथेच आज उभा आहेस.

माझा स्वतःचा इंग्लंडमधला पहिला निबंध मला आठवतो. त्यापूर्वी मी पुस्तकांतील उत्तम परिच्छेद निवडून, ते नीट जोडून लिहिण्यात चांगली होते, आणि त्यासाठी मला नेहमी भरपूर गुण मिळत असत. माझ्या ट्यूटरने तो निबंध परत दिला, तेव्हा प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीने फक्त एक नाव आणि एक आकडा लिहिलेला होता: लेखक आणि पृष्ठ. दुसरा कुठलाही शेरा नव्हता. शेवटचा परिच्छेद मी घाईत, पुस्तक बंद करून लिहिला होता; त्याच्या समासात नाव नव्हते, बरोबरची एक खूण होती. त्या काळी मला शिक्षा झाली नाही, पुन्हा लिहायला सांगितले गेले. आज तसा निबंध सॉफ्टवेअरमध्ये पकडला गेला असता आणि माझी रवानगी समितीसमोर झाली असती. पुन्हा लिहिलेला निबंध पहिल्यापेक्षा आखूड होता, त्याचे इंग्रजी अवघडलेले होते आणि तो जेमतेम उत्तीर्ण झाला, परंतु त्यानंतर मला निबंधाची भीती वाटली नाही.

तुझ्या असाइनमेंटचा हिशोब मांडून पाहा. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे अंदाजे दहा तासांचे काम, असे धरतात. २० क्रेडिटचे मॉड्युल म्हणजे सुमारे २०० तास, आणि त्यांपैकी वर्गात घालवायचे तास थोडेच. उरलेले सगळे वाचनाचे आणि लेखनाचे. म्हणजे रात्रपाळी करणाऱ्या माणसाने जे तास झोपेतून कापले, तेच या अभ्यासक्रमाने त्याच्याकडून गृहीत धरलेले होते. तुझी अडचण बुद्धीची नव्हती, तासांची होती, आणि तासांच्या अडचणीसाठी मुदतवाढ नावाची सोय तिथे आहे. तुझ्या पर्सनल ट्यूटरला, म्हणजे तुझी विचारपूस करण्यासाठी नेमलेल्या शिक्षकाला, भेट आणि ‘मी मागे पडलो आहे, मला काय करता येईल?’ एवढे एकच वाक्य बोल. ग्रंथालयात लेखनकौशल्याचे मार्गदर्शन बहुधा एकेका विद्यार्थ्याला वेळ देऊन केले जाते. तिथे कच्चा मसुदा घेऊन जा. मुदतवाढ मिळाली नाही, तर अपुरा निबंध दे. नापास झालास, तर पुनर्परीक्षा असते. तिचे गुण बहुतेक ठिकाणी उत्तीर्णतेच्या मर्यादेपुरतेच, म्हणजे एम.एस्सी.ला ५० पर्यंतच धरले जातात, आणि तेवढ्याने पदवी मिळण्याचा मार्ग बंद होत नाही.

समितीसमोर आलेल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला मी विचारत असे, की त्या आठवड्यात तू कोणाकोणाला भेटलास? उत्तर बहुतेकदा ‘कोणालाच नाही’ असे येई. ट्यूटरकडे जाणे त्यांना परावलंबन वाटत होते, घरी सांगणे ओझे टाकणे वाटत होते, आणि अनोळखी माणसाला पैसे देऊन काम उरकणे म्हणजे आपले आपण निभावून नेणे, असे वाटत होते. मदत घेतलेली लपवावी लागते आहे, इथेच त्यांना शंका यायला हवी होती. उघडपणे सांगता येते ती मदत माणसाला पायांवर उभे करते. मी स्वतः ट्यूटर, ग्रंथपाल, टंकलेखन शिकवणारी एक शेजारीण आणि दोन मैत्रिणी यांच्या मदतीवर पदवी मिळवली आणि त्यांतल्या प्रत्येकाचे नाव मी कोणालाही सांगू शकते.

घरी सांग. पैशांची अडचण सांग आणि निबंधाचेही सांग. त्याआधी विद्यापीठात आर्थिक अडचणीतील विद्यार्थ्यांसाठी निधी आहे का, परदेशी विद्यार्थ्यांना तो मिळतो का आणि फी हप्त्यांनी भरता येते का, याची चौकशी कर, म्हणजे घरच्यांसमोर संकटाबरोबर एखादा मार्गही ठेवता येईल. अभ्यासक्रम लांबला तर आयुष्य संपले, असे तुझ्या घरच्यांना वाटेल, कदाचित तुलाही वाटेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, १९२० साली ते स्वतः पैसे जमवून पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. मधली तीन वर्षे त्यांच्या पदवीवर लिहिलेली नाहीत.

रात्री झोप येत नसेल, जिवाचे बरेवाईट करावे असे विचार मनात येत असतील, तर सकाळची वाट पाहू नकोस. मानसिक संकटातील माणसाचे ऐकून घेणाऱ्या समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक ब्रिटनमध्ये कुठूनही, कोणत्याही वेळी विनामूल्य लावता येतो. अनेक विद्यापीठांत नाइटलाइन नावाची सेवा आहे. तिथे रात्री फोनवर विद्यार्थीच विद्यार्थ्यांचे ऐकून घेतात.

प्रश्न : माझ्या फ्लॅटमेटने माझी असाइनमेंट ‘फक्त नमुना म्हणून’ मागितली आणि मी फाइल पाठवली. तिने त्यातील बराच भाग जसाच्या तसा वापरला. आता आम्हां दोघींनाही चौकशीचे पत्र आले आहे. मी तर कोणाचेच काही घेतलेले नाही, मग मी दोषी कशी? दोघींनी मिळून एकच उत्तर द्यावे, असे ती म्हणते आहे. शिवाय मी इंग्रजी सुधारण्यासाठी चॅटजीपीटी वापरले होते. ते सांगावे का?

उत्तर : तिथल्या नियमांत याला ‘कोलूजन’ म्हणतात, आणि स्वतंत्रपणे करायचे काम दुसऱ्याला देणारा व घेणारा असे दोघेही त्यात येतात. हे अन्यायाचे वाटते, हे मला समजते. मैत्रिणीला वही देण्यात आपण औदार्य मानत आलो आहोत, आणि ते औदार्य तुझ्यातून जावे असे मला मुळीच वाटत नाही. परंतु समितीसमोर दोन सारखे कागद असतात आणि मूळ लिहिणारी कोण, हे कागदाकडे पाहून कळत नाही. ते तुला दाखवावे लागेल.

त्यासाठी आजच कामाला लाग. निबंधाचे जुने मसुदे, वर्डमधील किंवा गूगल डॉक्समधील आवृत्त्यांचा इतिहास, हाताने काढलेली टिपणे, ग्रंथालयातून पुस्तके घेतल्याच्या तारखा आणि ज्या संदेशात तिने फाइल मागितली तो संदेश, हे सारे तारखेप्रमाणे लावून ठेव. बैठकीत तुझ्या निबंधावर प्रश्न विचारले जातील: हा मुद्दा इथे का घेतलास, हा संदर्भ कुठे सापडला. ज्याने लिहिले आहे त्याला अशी उत्तरे अडखळत का होईना, पण देता येतात, आणि ऐकणाऱ्याला ते कळते. बहुतेक विद्यापीठे फौजदारी न्यायालयाप्रमाणे निःसंशय पुरावा मागत नाहीत; काय घडले असण्याची शक्यता अधिक आहे, एवढे पाहून निर्णय देतात. म्हणून ‘मी प्रामाणिक आहे’ या वाक्यापेक्षा तारखा असलेला एक मसुदा जास्त कामाचा ठरेल.

फ्लॅटमेटबरोबर उत्तर जुळवू नकोस. आत्ता तुझ्यावर असलेला आरोप निष्काळजीपणाचा आहे. जुळवलेले उत्तर उघडे पडले तर तो खोटेपणाचा होईल. फाइल दिलीस हे मान्य कर, केव्हा आणि कोणत्या शब्दांत मागितली गेली ते सांग, आणि तिच्याविषयी त्यापलीकडे काही बोलू नकोस. तिने काय करावे, हे तिला ठरवू दे.

चॅटजीपीटीविषयी विचारले तर खरे सांग. कोणत्या मॉड्युलमध्ये अशी साधने कितपत चालतात, हे मॉड्युलच्या सूचनांमध्ये दिलेले असते. काही ठिकाणी भाषा तपासण्यासाठी मुभा असते, काही ठिकाणी वापर नोंदवावा लागतो, काही ठिकाणी पूर्ण बंदी असते. आपण लिहिलेल्या वाक्यातील व्याकरण दुरुस्त करून घेणे आणि वाक्यच तयार करून घेणे यांत फरक आहे, आणि आपण नेमके काय केले हे तुला ठाऊक आहे. एक इशारा मात्र सर्वांसाठी देते: ही साधने अस्तित्वातच नसलेले लेख आणि लेखक संदर्भ म्हणून बेधडक देतात. असा एक खोटा संदर्भ निबंधात सापडला, की परीक्षक उरलेला निबंध त्याच नजरेने वाचतो.

निर्णय विरुद्ध गेला तर विद्यापीठांतर्गत अपील करता येते. तेही संपले, की विद्यापीठ ‘कम्प्लिशन ऑफ प्रोसीजर्स’ हे पत्र देते, आणि इंग्लंड व वेल्समधील विद्यार्थ्याला त्या पत्रापासून १२ महिन्यांच्या आत ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटर या स्वतंत्र संस्थेकडे विनामूल्य तक्रार करता येते. ही संस्था निबंध पुन्हा तपासत नाही. चौकशी नियमाप्रमाणे आणि न्याय्य रीतीने झाली का, ते पाहते.

पुढच्या वेळी कोणी फाइल मागितली तर, ‘फाइल देता येणार नाही, पण आज संध्याकाळी बसून तुला प्रश्न समजावून सांगते’ असे म्हण. ज्याला खरोखर समजून घ्यायचे असते, तो संध्याकाळी येतो.

प्रश्न : मला पदवीला कायम ८५ टक्क्यांच्या वर गुण असत. इथे एम.ए.च्या पहिल्या निबंधाला ६२ गुण मिळाले. घरी सांगायचे धैर्य होत नाही. ज्यांनी बाहेरून लिहून घेतले त्यांना माझ्यापेक्षा जास्त मिळाल्याचे कळते, तेव्हा मन खचते.

उत्तर : ब्रिटनमध्ये पदव्युत्तर स्तरावर साधारणतः ५० ला उत्तीर्ण, ६० ला ‘मेरिट’ आणि ७० ला ‘डिस्टिंक्शन’ असते. तिथे परीक्षक ८० च्या पुढे क्वचितच जातात. तेव्हा पहिल्याच प्रयत्नात ६२ हे चांगले गुण आहेत आणि घरी सांगताना ही श्रेणी आधी समजावून सांग. शिक्षकांनी दिलेला अभिप्राय तीनदा वाच आणि त्यांच्या भेटीच्या वेळेत जाऊन, ६२ चे ६८ होण्यासाठी कोणती एक गोष्ट बदलावी, एवढेच विचार. बाहेरून लिहून घेणाऱ्यांचे गुण तुला ऐकायला मिळतात. वरच्या पत्रातल्या विद्यार्थ्यासारख्यांच्या रात्री तुला दिसत नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून इंग्लंडमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याला सकाळी उठवण्यासाठी मी रोज फोन करते; तिथले सकाळचे सात म्हणजे आमचे साडेबारा. त्याच्या विद्यापीठाच्या पोर्टलचा पासवर्ड माझ्याकडे असतो, त्यामुळे तारखा मी पाहते, आणि त्याचे इंग्रजी त्याचे वडील सुधारून देतात. जानेवारीत माझी शस्त्रक्रिया झाली, मी दोन दिवस रुग्णालयात होते, आणि तेव्हाच त्याची सकाळची परीक्षा झोपेत चुकली. मी विद्यापीठाला ईमेल केला, तर ते माझ्याशी बोलायलाच तयार नाहीत. ओळखीचे एक डॉक्टर त्याच्या आजारपणाचे प्रमाणपत्र देतो म्हणतात. ते पाठवावे का? आणि हा मुलगा स्वतंत्र कधी होणार?

उत्तर : ते प्रमाणपत्र कृपा करून पाठवू नका. खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र देणे हाही गैरप्रकारच आहे, आणि परीक्षा चुकण्यापेक्षा तो कितीतरी पटींनी गंभीर आहे. परीक्षा चुकल्याने पुनर्परीक्षा द्यावी लागते. बनावट कागदाने मुलगा समितीसमोर जातो. तुमच्या मुलाजवळ सांगण्यासारखे खरे कारण आहे: आईची शस्त्रक्रिया होती आणि तो चिंतेत होता. त्याने ते स्वतः, तुमच्या रुग्णालयाच्या कागदांसह, विशेष परिस्थितीच्या अर्जात लिहावे. तो अर्ज मान्य होईलच असे नाही, कारण झोप लागली हे कारण सहसा स्वीकारले जात नाही. अमान्य झाला तरी बहुतेक अभ्यासक्रमांत उन्हाळ्यात पुनर्परीक्षा होते, आणि पुष्कळ विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे गुण अंतिम श्रेणीत धरले जात नाहीत. वर्ष उत्तीर्ण व्हावे लागते, एवढेच.

विद्यापीठ तुमच्याशी बोलत नाही, त्याचा तुम्ही अपमान मानू नये. १८ वर्षांवरील विद्यार्थी तिथे सज्ञान असतो आणि त्याच्या संमतीशिवाय त्याची माहिती पालकांनाही देता येत नाही. त्यांच्या लेखी प्रवेश त्याने घेतला आहे, नियम त्याने मान्य केले आहेत आणि उत्तरही त्यानेच द्यायचे आहे. म्हणूनच तुमच्याजवळचा पासवर्ड ही अडचणीची गोष्ट आहे. आपला लॉगिन दुसऱ्याला देण्याची मनाई बहुतेक सर्वच विद्यापीठांच्या नियमांत असते. त्याने तो आजच बदलावा आणि नवा तुम्हांला सांगू नये.

वडिलांच्या मदतीविषयी थोडे अधिक सांगावे लागेल, कारण ती प्रेमापोटी दिली जाते आणि तिच्यातला धोका लक्षात येत नाही. चुकलेल्या शब्दाखाली रेघ ओढून ‘हे तपासून पाहा’ म्हणणे बहुतेक ठिकाणी चालते. वाक्य नव्याने लिहून देणे चालत नाही. ते वाक्य मग मुलाचे राहत नाही. शिवाय घरून आलेल्या निबंधांचे इंग्रजी सफाईदार आणि परीक्षेच्या खोलीत स्वतः लिहिलेले इंग्रजी वेगळे, हा फरक परीक्षकाच्या डोळ्यांत भरतो. वडिलांना मदत करायचीच असेल, तर त्यांनी मुलाला निबंध फोनवर मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. कुठे अडखळतो, ते त्याचे त्यालाच ऐकू येईल.

तो स्वतंत्र कधी होणार, या प्रश्नाचे उत्तर देताना मी तुम्हांला दोष देत नाही. परक्या देशात एकट्या पाठवलेल्या मुलाला सकाळी हाक मारावीशी वाटणे मला पूर्ण समजते. परंतु तुम्ही रुग्णालयात असताना घडलेल्या प्रसंगाने तुम्हां दोघांनाही जे दाखवले आहे, ते आता पुनर्परीक्षेपर्यंतच्या महिन्यांत हळूहळू बदलता येईल. काही कामे पूर्णपणे त्याच्यावर सोपवा आणि ती झाली का, हे विचारू नका. त्याने जवळच्या जी.पी.कडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावे. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना काउन्सिल टॅक्स, म्हणजे राहत्या घरावरचा स्थानिक कर, माफ असतो. त्याचे पत्र विद्यापीठाकडून त्याने मिळवावे. पुढच्या वर्षी मित्रांबरोबर खासगी घर घेणार असेल, तर इंग्लंडमध्ये सर्वसाधारण भाडेकरारात घरमालकाने अनामत रक्कम ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवायची असते. ती ठेवली का, हे त्याने लेखी विचारावे. ही कामे शुष्क आहेत, पण ती केल्याने मुलाला कळते, की ईमेल त्याच्या नावाने गेला तर उत्तरही त्याच्या नावाने येते.

पैशांसाठी त्याला एक वही ठेवायला सांगा. लंडनमध्ये शिकत असताना महात्मा गांधी रोज झोपण्यापूर्वी बसच्या भाड्यापर्यंतचा प्रत्येक खर्च लिहीत आणि जमाखर्च जुळवून मगच झोपत. हेच गांधी लंडन मॅट्रिक्युलेशनच्या पहिल्या प्रयत्नात लॅटिनमध्ये नापास झाले होते आणि काही महिन्यांनी पुन्हा बसून उत्तीर्ण झाले. पुनर्परीक्षेच्या नावाने तुमच्या घरात जे सुतक आले आहे, ते उतरायला याचा उपयोग होईल.

सकाळचा फोन मात्र एकदम बंद करू नका. तसे करणे त्याला शिक्षेसारखे वाटेल. त्याला आधी सांगा, की पुढच्या सोमवारपासून मी उठवणार नाही, रविवारी संध्याकाळी निवांत बोलू. पहिल्या आठवड्यात त्याचे एखादे व्याख्यान चुकेल. ते तुम्हांला कळले, तरी कळले नाही असे करा. रविवारच्या बोलण्यात परीक्षा आणि गुण यांआधी त्याने त्या आठवड्यात काय पाहिले, कोणाला भेटला, आणि तुमच्या टाक्यांची जखम कशी आहे, यावर बोला. मुलाने आईची विचारपूस करायलाही जागा मिळाली पाहिजे.

पुनर्परीक्षेच्या दिवशी सकाळी फोन हातात घ्यावासा वाटेल. घेऊ नका. पेपर संपल्यावर तो स्वतः करील, आणि त्या वेळी तो कितीला उठला होता, ते आधी तोच सांगेल.